आईच्या हातची नानकटाई

दिवाळी अंकात एक लेख ठरलेला असतो. कथा चार असोत की आठ, कवितांची पाने कमी असोत की जास्त, राशिभविष्य असो वा नसो. पण ‘घरचा फराळ आता उरला नाही’ असा हुंदका देणारा एक लेख त्यात असतोच असतो. त्या लेखात पहाटेचा गारठा असतो, उटण्याचा वास असतो, तळणीचा चुरचुर आवाज असतो आणि कढईसमोर आई असते. लेखक कोठे असतो हे मात्र कधीच स्पष्ट होत नाही. तो दारात असावा, अंगणात असावा किंवा अजून गोधडीतच असावा. कढईजवळ तो नसतो, एवढे नक्की.

हे मी अधिकाराने बोलतो आहे, कारण गेल्या वर्षी असा एक लेख मीही लिहिला. विषय होता आईच्या हातची नानकटाई. आम्ही तिला माय म्हणत असू; लेखात मात्र मी ‘आई’ असे लिहिले, कारण छापील अश्रू प्रमाणभाषेतच शोभतात. आई जाऊन नऊ वर्षे झाली. तेव्हा दुःख खरे होते, त्यात ढोंग नव्हते. लेख लोकांना आवडला. तीन जिल्ह्यांतून पत्रे आली. आता सारे पुड्यांत मिळते, तुम्ही आमच्या आईची आठवण करून दिलीत, असा बहुतेकांचा सूर होता. पत्रे लिहिणारे सगळे पुरुष होते, ही गोष्ट त्या वेळी माझ्या ध्यानात आली नाही.

भाऊबिजेला माझी थोरली बहीण माहेरी आली. दुपारी चुलीपासून मोकळी झाल्यावर तिने तो अंक घेतला, ओसरीच्या खांबाला टेकून लेख सावकाश वाचला, डोळे पुसले आणि म्हणाली,

“बापू, लय चांगलं लेहलं रे तू. पन मले एक सांग, तवा तू कुठी होता?”

“कुठे म्हणजे? इथंच.”

“इथंच, पन पुस्तकात. मैदा मायनं मयला, खटाई म्या वयली, चारोयी म्या लावली. अन् नाव तुयं झालं.”

ती हसत म्हणाली. म्हणून तर मला उत्तर सुचले नाही. भांडली असती तर मी जिंकलो असतो. शब्दांचा धंदाच माझा. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे वर्षभर उशिरा दिलेले उत्तर आहे, आणि गेल्या वर्षी ज्यांनी मला पत्रे लिहिली त्यांच्याशी जाहीर भांडणही आहे. त्यातला पहिला आरोपी मीच.

तर तेव्हा काय घडत असे ते आधी खरे सांगतो.

आमचे गाव कौंडण्यपूर. वर्धा नदीच्या काठी, रुक्मिणीचे माहेर म्हणून ओळखले जाणारे. दिवाळी संपली की पंधरा दिवसांनी कार्तिकी पौर्णिमेची यात्रा येते. त्यामुळे इतर गावांत फराळ भाऊबिजेला संपला तरी चालतो, आमच्या गावात तो पौर्णिमेच्या पाहुण्यांपर्यंत पुरवावा लागतो. लाडू-चिवडा तोवर कसाबसा टिकतो. नानकटाई बरणीत घट्ट झाकून ठेवली तर उत्तम टिकते. म्हणून आमच्या घरी ती मोजून तीन किलो मैद्याची होई. तीन किलो मैदा, दीड किलो साखर, दीड किलो वनस्पती तूप. साखर घरी दळायची, वस्त्रगाळ करायची. मग परातीत तूप आणि पिठीसाखर घालून तळहाताने फेसत राहायचे. पिवळट तूप पांढरे होईस्तोवर, लोण्यासारखे हलके होईस्तोवर. एवढ्या मालाला तास-दीड तास सहज लागतो आणि खांदा भरून येतो. त्यात आळस केला तर नानकटाई दगड होते. मायने आळस केला नाही, हे मी लेखात लिहिले होते. तिचा खांदा पुढे आयुष्यभर दुखत राहिला, हे लिहिले नव्हते.

घरी भट्टी नव्हती. कोणाच्याच घरी नव्हती. म्हणून तो मळलेला गोळा डब्यात घालून माय आणि ताई एस.टी.ने नदीपलीकडे आर्वीला नेत. डबा उचलणे हे माझे काम. दिवाळीच्या फराळात माझा एकूण वाटा म्हणजे हा डबा. भट्टीच्या आवारात गावोगावच्या बाया आपापले डबे घेऊन रांगेत बसलेल्या असत. भट्टीवाला काळे पत्रे देई. त्यावर आपापला माल वळून, मांडून, नावाची चिठ्ठी लावून द्यायचा. ताई लिंबाएवढे गोळे करी, तळहातावर किंचित दाबी, मधोमध अंगठ्याने खळगा पाडी आणि त्यात चारोळी बसवी. आमच्या जिल्ह्यातल्याच मेळघाटात चारोळीची झाडे आहेत. पिस्ता आमच्या ऐपतीत नव्हता, पण चारोळी होती. तीन किलोच्या मालात तीनशेच्या आसपास नग होत. तीनशे वेळा खळगा, तीनशे वेळा चारोळी. मी बाहेर बाकावर बसून गोष्टींचे पुस्तक वाचत असे. ते पुस्तक कोणते, हे मला आजही आठवते. ताईची बोटे कशी चालत, हे मात्र तिला विचारून लिहावे लागले.

आता त्या भट्टीकडे जरा नीट पाहू, कारण माझ्या भांडणाचा सगळा पुरावा तिथेच आहे.

लाकडे पेटवून विटांची भट्टी आतून तापवत. निखारे बाहेर ओढले की विटांत साठलेल्या धगीवर काम सुरू होई. पहिल्या कडक धगीवर पाव. भट्टी उतरू लागली की खारी, टोस्ट. आणि धग मवाळ झाली म्हणजे नानकटाई, कारण ती हळूहळू सुकत, फुलत, तडकत भाजावी लागते. भट्टीवाले चाचा तोंडाशी हात धरून मनातल्या मनात काही अंक मोजत आणि त्यावरून धग ओळखत. आत चार-पाच कारागीर असत. मणभर पीठ मळणारे, पाव वळणारे, लांब दांड्याच्या फावड्याने पत्रे आतबाहेर करणारे. सगळे पुरुष. दंडापर्यंत पीठ माखलेले पुरुष. एकदा तर चाचांनी ताईच्या हातातला गोळा घेऊन, चारोळी कशी हलक्या हाताने बसवायची म्हणजे भाजताना गळत नाही, ते तिला दाखवले. त्यांचा अंगठा बायकी झाला नाही.

आता सांगा. ‘पुरुषाला हे जमत नाही’ असे आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? हलवायाच्या कढईमागे पुरुष, लग्नाच्या पंगतीचा आचारी पुरुष, भट्टीवर पुरुष. जिथे मजुरी मिळते तिथे पुरुषाला सगळे जमते. जिथे मिळत नाही तिथे त्याचा हात एकाएकी लुळा पडतो. पुरुषाच्या हाताला पीठ लागले तर आपण त्याला कारागीर म्हणतो, आणि बाईच्या हाताला लागले तर त्याला वात्सल्य म्हणतो. कारागिराला संध्याकाळी पैसे द्यावे लागतात. वात्सल्याला दिवाळी अंकात लेख दिला की भागते.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. समाजशास्त्राच्या परिभाषेत बोलणे मला जमत नाही. पण आकडे मला वाचता येतात. २०१९ साली सरकारने देशभर पाहणी केली, की माणसे दिवसाचे तास कशात घालवतात. घरच्यांसाठी बिनमोबदला घरकाम करणाऱ्या शंभरातल्या बायका निघाल्या ८१; पुरुष २६. आणि जे करतात त्यांचा रोजचा वेळ बायकांचा २९९ मिनिटे, पुरुषांचा ९७. हे साध्या दिवसाचे गणित. आमच्याकडे दिवाळी येते ती सोयाबीन निघण्याच्या आणि कापूस फुटण्याच्या सुमारास. दिवसभर वेचणीला जाऊन रात्री कढईपुढे बसणाऱ्या बायका माझ्या गल्लीत आहेत. त्यांच्या दिवाळीची मिनिटे कोणी मोजावीत?

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेचा. ‘ही आपली रीत आहे, पूर्वापार चालत आलेली.’ ठीक. नानकटाईचीच रीत पाहू. ही मुळात आपली नव्हेच. सुरतेला डच वखारवाल्यांसाठी चालणारी भट्टी त्यांच्यामागे एका पारशी कारागिराच्या हाती आली आणि तिच्यातून नानकटाई घडली, अशी हकीकत सांगतात. आणि भट्टीतला जिन्नस आपल्या घरात कसा शिरला, त्याचीही कथा ऐकण्यासारखी आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली आणि पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटे आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवली, आणि शहरात जे ग्रामण्य माजले ते शंकराचार्यांपर्यंत गेले. अखेर रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका चहाच्या पेल्याने आणि बिस्किटाने धर्म बुडत होता! आणि त्यानंतर शंभर वर्षे व्हायच्या आत माझी माय, एकादशीला पाण्याचा थेंब न घेणारी, मुसलमान चाचांच्या भट्टीवर लक्ष्मीपूजनाची नानकटाई भाजून आणत होती. तिच्या मनात किंतू नव्हता आणि लक्ष्मीनेही कधी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

म्हणजे परंपरेने धर्माची अट सोडली, जातीची अट सोडली, अंड्याची आणि ताडीची शंका सोडली, चुलीऐवजी भट्टी पत्करली, तुपाऐवजी वनस्पती पत्करले. एवढे सगळे बदलले. बदलली नाही ती एकच गोष्ट, फेसणारा हात. मग जी बदलली नाही ती पवित्र म्हणून बदलली नाही, की सोयीची म्हणून?

पुस्तकांतही तेच. लक्ष्मीबाई धुरंधरांनी १९१० साली हजार पाकक्रियांचे पुस्तक सिद्ध केले, त्याचे नाव ‘गृहिणी-मित्र’. नावातच वाचक ठरला. पुढे १९७० साली कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ आले आणि घरोघर पोचले. चमच्या-वाटीचे माप देऊन त्यांनी नवशिक्या सुनांवर उपकारच केले. ही दोन्ही पुस्तके मला वंद्य आहेत. पण ‘गृहस्थ-मित्र’ नावाचे पाकपुस्तक माझ्या पाहण्यात नाही. गृहस्थाला बहुधा मित्राची गरज पडत नसावी. त्याला गृहिणी मिळालेली असते.

दुसरा आक्षेप सुधारकांचा. ते म्हणतात, ‘एवढा त्रास कशाला? विकत आणा आणि मोकळे व्हा.’ यांच्याशी माझे भांडण सौम्य आहे. विकतच्या फराळाला मी नाके मुरडत नाही. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले. त्या पापडामागे मजुरी आहे, हिशेब आहे, बाईच्या नावाची वही आहे. आईच्या हातच्या फुकट पापडापेक्षा तो पापड मला अधिक इभ्रतीचा वाटतो. पण सुधारकांनो, एक गोष्ट विसरू नका. तुम्ही पुडा आणता तेव्हा काम एका बाईच्या अंगावरून दुसऱ्या बाईच्या अंगावर जाते. तिला दाम नीट मिळत असेल तर आनंद आहे. किलोमागे चार पैसे टेकवून तुम्ही ‘बचत गटाला हातभार’ म्हणून मिरवत असाल, तर तो आनंद तुमचा एकट्याचा. आणि दोन्ही प्रकारांत घरातल्या पुरुषाचा हात कोरडाच राहतो. तेवढ्यासाठीच तर ही सगळी खटपट नसेल ना, अशी मला शंका येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत घातक. ‘अहो, त्यांना ते आवडते! करंजीला मुरड घालताना तिचा चेहरा पाहिला आहे का?’ पाहिला आहे. आणि मी कबूलच करतो, की त्यात आनंद आहे. साटा लावून लाटलेल्या पारीतून करंजीचे पदर सुटणे, कातण्याने शंकरपाळ्यांची नागमोडी कड पाडणे, अनारशाच्या पोटात खसखस रुतवणे, नानकटाईवर चारोळी बसवणे ही कला आहे. गौरी जाताना मुरडीचे कानवले करतात ते का? ती मुरडून पुन्हा यावी म्हणून. एवढा अर्थ त्या दोन बोटांच्या चिमटीत आहे. पण लक्षात घ्या, आनंद आहे तो मुरडीत. साखर दळण्यात नाही, दीड तास फेसण्यात नाही, तेलकट परात राखेने घासण्यात नाही. तुम्ही सगळ्या कामाला त्या चिमटीचा आनंद चिकटवता आणि शंभर टक्के कष्ट दहा टक्के हौसेच्या नावावर खपवता. ताईला मी विचारले, “तुला आवडायचं ना गं?” ती म्हणाली, “चारोयी लावाले लय आवडे. पन मले बी तुया पुस्तकातली गोष्ट वाचाची होती ना बापू.”

तेव्हा माझे म्हणणे असे. घरचा फराळ वाचवायचा असेल तर तो लेख लिहून वाचणार नाही. कष्ट आणि हौस ही दोन्ही घरातल्या सगळ्या हातांत वाटली गेली तरच तो वाचेल. आणि तसा वाचणार नसेल तर तो मेलेला बरा. गोव्याकडे आणि वसईकडे नाताळच्या आधी ख्रिस्ती घरांत कुलकुल वळायला लहानथोर सगळे भोवती बसतात. गोव्यात तेच लोक नाताळला नेवऱ्याही करतात, आणि नेवरी म्हणजे आपली करंजीच. तबकात घालून शेजारच्या हिंदू घरी ती जाते आणि दिवाळीला तिकडून परत येते. जिथे सगळे घर भोवती बसते तिथे पोरे पळून जात नाहीत. आमच्या स्वयंपाकघरातून पोरे पळाली, कारण अर्ध्यांना आपण लहानपणीच बाहेर बाकावर बसवले.

हे नुसते बोलून थांबावे हा माझा स्वभाव. पण या वेळी थांबलो नाही. मी ज्या खासगी शाळेत मास्तर आहे तिथे कार्यानुभवाचे तास माझ्याकडे असतात. कागदाची फुले आणि मातीची फळे करून वर्षे काढली होती. गेल्या हिवाळ्यात मी सातवीच्या वर्गाला नानकटाई करायला लावली. एक जाड पातेले, तळाशी मिठाचा थर, त्यावर तिवई, त्यावर ताटली, वर घट्ट झाकण. एवढी आमची भट्टी. चौदा मुलगे, बारा मुली. मुलग्यांनी फेसायचे असे ठरवले. पहिल्या दहा मिनिटांत त्यांचे हात दुखू लागले आणि त्यांनी एकमेकांकडे पाहिले. शब्दाने न शिकवता येणारा धडा त्या पाहण्यात होता. मग वर चारोळी लावायची वेळ आली तेव्हा वर्गात अशी शांतता पसरली, की परीक्षेतही पसरत नाही. कोणी फूल केले, कोणी बैलाचे शिंग केले, एकाने तीन चारोळ्यांत स्वतःच्या नावाचे अक्षर बसवायचा यत्न केला. एक मुलगा दोन नग कागदात बांधून घरी घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, “गुरुजी, माय म्हने, आयतं हातात पह्यल्यांदा भेटलं.”

चौथ्या दिवशी एक पालक आले. “गुरुजी, पोरायले पोळपाट-लाटनं शिकवाले शाळेत धाडलं काय आमी?” त्यांच्यामागून आणखी दोघे आले. वरून मला सौम्य शब्दांत सुचवण्यात आले, की कागदाची फुले काही वाईट नव्हती. विस्तवाचा धोका, असे कारण पुढे करण्यात आले. विस्तवाचा धोका! त्या वर्गातल्या बारा मुलींतल्या निम्म्या रोज घरी चूल पेटवून शाळेत येतात. त्यांच्या बाबतीत तो धोका कोणाला दिसला नव्हता.

आणि हे कोठे घडले? वर्धा नदीच्या काठी. याच नदीपलीकडच्या जिल्ह्यात, वर्ध्याला, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी शिक्षण परिषद भरली होती आणि हाताच्या कामातून शिक्षण द्यावे हे तत्त्व गांधींनी देशापुढे मांडले होते. सेवाग्रामच्या नई तालीममध्ये स्वयंपाकघर हा शाळेचाच भाग होता आणि मुलगे-मुली मिळून तिथे राबत. पुढे १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभव हा शब्द अभ्यासक्रमात आणला. म्हणजे मी काही जगावेगळे केले नव्हते; ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचे, नदी ओलांडल्यावर सापडणारे, तेच केले होते. गांधींच्या तसबिरीला हार घालायला कोणाची हरकत नसते. त्यांच्यासारखी भाजी चिरायला मात्र पोराला पाठवायचे नाही.

शाळेतले पातेले मी घरी आणले. आता दर रविवारी माझ्या ओसरीवर पोरे येतात. पाच-सहाच येतात, पण येतात. त्यांत मुलगे तीन. हे थांबवायला अजून कोणी आलेले नाही.

माझ्या गावाला रुक्मिणीच्या माहेरपणाचा मोठा अभिमान आहे. दर आषाढीला तिची पालखी इथून पंढरपूरला जाते. तिने घरच्यांनी ठरवलेला वर नाकारला आणि स्वतःच्या मनाने पत्र धाडले, ही कथा आमच्या कीर्तनांत रंगवून सांगतात. पण त्याच गावात भाऊबिजेला माहेरी आलेली लेक पिशवी ठेवते आणि सरळ चुलीपुढे बसते. वर्षातून चार दिवस माहेर. त्यातले तीन कढईचे. ओवाळणीत आपण तिला साडी घालतो. साडी घाला, नको कोण म्हणतो? पण या वर्षी तिच्या हातातला झारा आधी काढून घ्या. तिला ओसरीवर बसवा आणि हा अंक तिच्या हातात द्या.

ज्यांनी मला पत्रे लिहिली त्यांच्यासाठी कृती देतो. हुंदके आवरून लिहून घ्या. मैदा पाव किलो, पिठीसाखर सव्वाशे ग्रॅम, तूप सव्वाशे ग्रॅम, बेसन दोन चमचे, सोडा चिमूटभर, वेलदोड्याची पूड. तूप थिजलेले घ्या, पातळ नको. तूप-साखर तळहाताने पांढरीशुभ्र होईस्तोवर फेसा. हात दुखला की थांबू नका, तिथून पुढेच खरी नानकटाई सुरू होते. मग मैदा, बेसन, सोडा आणि वेलदोडा एकत्र चाळून घाला आणि हलक्या हाताने गोळा करा. मळत बसू नका, नाहीतर खुसखुशीतपणा जातो. वर चारोळी. मिठाचे पातेले आधी दहा मिनिटे तापवा, मग मंद आचेवर वीस मिनिटे, कड किंचित तांबूस दिसेस्तोवर. गरम असताना मऊ लागते म्हणून कच्ची समजू नका. निवली की कडक होते. शेवटी परात स्वतः घासा. ही पायरी पुस्तकात सापडणार नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. गेल्या वर्षी ताई यात्रेपर्यंत राहिली होती. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी आयुष्यातली पहिली नानकटाई केली, या पातेल्यात, तिच्या देखरेखीखाली. देखरेख म्हणजे ती बाजेवर बसून पुस्तक वाचत होती. पहिली ताटली खालून करपली. मी ती चटकन बाजूला सारली आणि ओशाळून म्हणालो, “मायची कधी करपली नाही.”

ताईने पुस्तकातून मान वर केली. “करपे ना. पत्र्याच्या कडेच्या दहा-वीस दरसाली करपे. थ्या मायच खाये. तुमच्या ताटात कुठून येतीन?”

तिने हात पुढे केला. मी त्या करपलेल्यांतली एक तिला दिली, एक मी घेतली. कडू होती. गेल्या वर्षीच्या माझ्या लेखात नानकटाईच्या चवीला मी बारा विशेषणे वापरली होती. ही चव त्यात नव्हती.